मामाच्या मांडवाची वेबसाइट

माझं काम काय ते सांगितलं की वसईतल्या आमच्या माणिकपूरचे लोक आधी हसतात. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. खाली रिक्षांची रांग, समोर शाळा, आणि वर बसून मी जर्मनीतल्या कुठल्याशा आजोबांना दाताच्या डॉक्टरची वेळ घेताना अडचण येऊ नये म्हणून डोकं फोडत असते. "त्यांचं ते बघतील की!" असं खालचा चष्मेवाला मला एकदा म्हणाला. बघत नाहीत ना! बघत असते तर माझं पोट कशावर चाललं असतं?

वेगवेगळ्या देशांतल्या आणि भाषांतल्या माणसांना एकच वेबसाइट आपली वाटावी अशी ती मांडायची, हे माझं काम. मला ते वेड्यासारखं आवडतं. इंग्रजीत चिमुकलं बटण असतं. तिथे जर्मन शब्द टाकला की तो बटणाच्या बाहेर पाय पसरून बसतो. जपानी माणसाला मोकळंढाकळं पान दाखवलं तर त्याला वाटतं, हे काहीतरी लपवतायत. वजन, माप, कुठून आलं, कोणी केलं, कसं बांधलं, सगळं एका ठिकाणी दिसलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. आणि अरबी! अरबी उजवीकडून वाचतात, म्हणून सगळं पानच कूस बदलतं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी खुर्चीत उडालेच होते. डावीकडचं उजवीकडे गेलं, बाण फिरले, आणि जे मला उलटं वाटत होतं ते कोट्यवधी लोकांना सुलट होतं. त्या दिवशी मी फुलपाड्याला घरी जाईपर्यंत भेटेल त्याला हेच सांगत होते. रिक्षावाल्यालासुद्धा सोडलं नाही.

"म्हणजे भाषांतर टाकायचं ना फक्त?" असं कुणी विचारलं की मात्र माझ्या मस्तकात तिडीक जाते. घरात पाहुणा आला की आपण त्याचं बोलणं तेवढं समजून घेतो का? बसायला कुठे द्यायचं, चहात साखर किती, चपला कुठे काढायला सांगायच्या, हेही बघतोच की. तेवढंच मी करते, फक्त पाहुणे लांबचे असतात.

तर मागच्या दिवाळीनंतर एका शनिवारी माझी मामेबहीण ऑफिसचा जिना चढून आली आणि टेबलावर तिनं सुकेळीची पुडी आपटली.

"ताई, ही जगाला विकायची आहे. वेबसाइट कर."

वसईच्या बाहेरच्यांसाठी सांगते. राजेळी नावाचं एक लांबडं, भरदार केळं आमच्याकडच्या वाड्यांत होतं. ती केळी पिकवायची, सोलायची आणि बांबूच्या कामट्यांच्या मांडवावर उन्हात दिवसेंदिवस वाळवायची. रोज सकाळी पसरायची, रोज संध्याकाळी गोळा करून गुंडाळून ठेवायची. हळूहळू ती मधाच्या रंगाची होतात, आणि मग केळीच्याच सुक्या पानात बांधली की झाली सुकेळीची पुडी. माझ्या आईचं माहेर वाडीतलं. लहानपणी सुट्टीत मामाकडे गेलं की मांडवाखालून हात घालून अर्धवट सुकलेली केळी पळवणं हा आमचा उद्योग होता. ती पुडी टेबलावर बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं, पण मामा वाडीचं काय करणार आहे ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मामा थकला होता. त्याचे गुडघे बोलत होते, मांडवाचा एक पाय कधीपासून डुगडुगत होता आणि कामाला माणूस मिळत नव्हता. आजूबाजूच्या वाड्यांमध्ये एकेक करून लग्नाची लॉन झाली होती. मामाकडेही एक लॉनवाला येऊन चहा पिऊन गेला होता. राजेळीचा तुकडा उपटायचा, सपाट करायचा, हिरवळ लावायची, आणि मामानं संध्याकाळी खुर्ची टाकून इतरांची लग्नं बघायची, असं ठरत आलं होतं.

बहिणीला हे मान्य नव्हतं. ती मुंबईतली चांगली नोकरी सोडून घरी आली होती आणि राजेळी लावत राहायचं म्हणत होती. बाप-लेकीत रोज खटके उडत होते. शेवटी मामानं एक अट घातली. त्याच्या शब्दांत सांगते, त्याच्या बोलीत ळचा ल होतो:

"ह्यो मोसम तुजा. भाएरच्या देशातल्या एका तरी मानसानं आपनहून पुढच्या वर्षाची सुकेली मागितली पायजे. यंदाची न्हाई, पुढच्या वर्षाची! एकदा काय, गमतीनं कुनीपन खाते. परत मागल तो खरा. मागितली तर राजेली र्‍हाईल. न्हाईतर पावसाच्या आदी लॉन."

अट ऐकून मी हसले. मग बहिणीच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू आवरलं. तिच्यासाठी हे सगळं या एका मोसमावर येऊन थांबलं होतं.

"कोणत्या भाषा?" मी विचारलं.

"सगळ्या."

"सगळ्या म्हणजे किती असतात माहीत आहे का तुला?"

इंग्रजी, अरबी, जर्मन आणि जपानी असं ठरलं, कारण या भाषांची पारखलेली माणसं मला कामामुळे ठाऊक होती. परवाने, तपासण्या, पार्सल ही कटकट बहिणीनं अंगावर घेतली. मला तर उकळ्या फुटत होत्या! एवढी वर्षं परक्यांच्या दातांची आणि परक्यांच्या विम्याची पानं मांडली, आणि आता माझ्या आजोळची केळी जपानी अक्षरांत दिसणार होती. रोज संध्याकाळी ऑफिसचं काम आटोपलं की आम्ही दोघी खाली वडापाव खाऊन परत वर चढत होतो आणि तोंडाला तोंड देत भांडत होतो. तिला पानावर फुलं हवी होती. मला नको होती. फुलं गेली.

भाषा निवडायच्या जागी मी आधी झेंडे लावले होते. खरं तर हे करू नये हे मी दुसऱ्यांना शिकवते, कारण अरबी काही एका देशाची नाही. पण बहिणीनं हट्ट धरला, शोभतात म्हणाली. एका रविवारी लॅपटॉप घेऊन आम्ही वाडीत गेलो. मामानं चष्मा चढवला आणि झेंडे मोजल्यासारखे बघितले.

"आणि आमचा?"

"काय तुमचा?"

"आमच्या बोलीचा झेंडा कुठला?"

मी म्हटलं, मामा, तुमची बोली वाचणारे कितीसे आहेत? ती तर लिहितही नाही कोणी. झालं. मामा फुगला. "मग आमचीच केली, आनि आमीच भाएर?" असं म्हणून तो तरातरा मांडवाकडे गेला आणि केळी उलटवत बसला. मामा रुसला की केळ्यांना फार जपून हात लावतो आणि माणसांशी बोलत नाही.

त्याचं बोलणं ऐकून मला राग आला, आणि रिक्षात बसल्यावर त्याच रागातून मला जे सुचलं त्यानं मी एकटीच मोठ्यांदा "अरे!" म्हणाले. लिहीत नाहीत तर नाही लिहायचं. ऐकवायचं! झेंडे सगळे काढून टाकले. प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहिलं. आणि त्यांच्या रांगेत एक गोल बटण ठेवलं, त्यावर मांडवाचं छोटंसं चित्र. ते दाबलं की मामाचा आवाज.

आवाज घ्यायला गेलो तेव्हा मामानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. फोनपुढे बसला आणि "नमस्कार, आपले सहर्ष स्वागत आहे" असं काहीतरी बोलू लागला. हा माणूस आयुष्यात कधी सहर्ष म्हणाला नव्हता. मी म्हटलं, मामा, घरातल्यासारखं बोल. तो आणखी ताठ झाला. पुन्हा घेतलं, पुन्हा सहर्ष. मी हात टेकले, पण फोन चालूच ठेवून मांडवाच्या कडेला ठेवून दिला आणि बहिणीला खूण केली. ती दारातून पाहुणी आल्यासारखी आली. मामा सवयीनं बोलून गेला:

"या, या. बहा. पानी प्या आदी. ही बगा आमची राजेली, चार दिवस उन खाल्लंन की कशी हलदीवानी होते... हाड! हाड! आले कावले! ए, पकड तं तो कपडा!"

बस, एवढंच. कावळ्यांसकट. मामानं नंतर ते ऐकलं आणि कावळे काढायला सांगितले. मी नाही काढले. मला तो आवाज इतका आवडला होता की मी तो बसल्याबसल्या पुनःपुन्हा लावत होते, आणि खालचा चष्मेवाला विचारायला वर आला की तुमच्याकडे कावळे शिरलेत का.

वेबसाइट सुरू झाली त्या सकाळी आम्ही दोघी पडद्यावरचा जगाचा नकाशा उघडून बसलो. कुणी आपलं पान उघडलं की त्या गावावर एक ठिपका लागतो आणि त्यानं काय काय दाबलं ते दिसतं. माणसाचं नाव कळत नाही, फक्त गाव. पहिला ठिपका वसईतच लागला. तो मामाच होता. मग बराच वेळ काही नाही. मग आखातात एक. मग जर्मनीत! बहिणीनं माझ्या दंडाला इतक्या जोरानं चिमटा घेतला की वळ उठला. जपानातला ठिपका लागला तेव्हा आम्ही दोघी चक्क नाचलो. कामाच्या ऑफिसात, दिवसाढवळ्या, दोन थोराड बायका. मला आभाळ ठेंगणं झालं होतं आणि ते मी इथे मुळीच लपवणार नाही.

पहिला संदेश आला तो आखातातून, एका हॉटेलवाल्याचा. अरबीत. माझ्या ओळखीच्या भाषांतरकार बाईंनी तो उलगडून दिला. माणूस फार अदबीनं लिहीत होता. त्याला आमची वस्तू विलक्षण वाटली होती. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं की सुकं केळ पूर्ण ताजं व्हायला किती दिवस लागतात आणि त्यासाठी पाणी कोमट घ्यायचं की थंड.

मी संदेश पुन्हा वाचला. मग अरबी पान उघडलं आणि कपाळाला हात लावला.

केळ्याची गोष्ट आम्ही चित्रांच्या एका लांब पट्टीत सांगितली होती. आधी झाडावरचा घड, मग पिकलेली केळी, मग सोललेली, मग मांडवावर वाळणारी, मग सुकेळी. अरबीसाठी अख्खं पान फिरवलं, मजकूर फिरला, बाण फिरले. पण ती पट्टी म्हणजे एकच सबंध चित्र होतं, ते जागचं हललं नाही. उजवीकडून बघणाऱ्या त्या बिचाऱ्याला काय दिसलं असेल? एक सुकलेलं केळ. ते मांडवावर ठेवलं की फुगतं. मग त्याला साल येते. मग ते पिवळं धमक होतं. आणि शेवटी हिरवंगार होऊन झाडावर जाऊन बसतं. मी, जी लोकांना अरबी पानं कशी मांडायची ते सांगत फिरते, त्या मी केळ्याला पुन्हा जन्माला घातलं होतं. वाडीतल्या माणसाच्या डोळ्यांना घड आणि सुकेळी यांत आधी कोण आणि नंतर कोण हे इतकं उघड असतं की पट्टी कुठूनही बघा, आम्हाला ती बरोबरच दिसत होती. घरच्या कुणाला ते खटकलंच नाही.

मामाला हे सांगितलं तेव्हा तो मांडवाचा खांब धरून हसला. रुसवा कुठच्या कुठे पळाला.

"लिव त्याला," तो म्हणाला, "पानी कोमट घे म्हनाव. नि झाडाला बांदायला दोरी आमी देऊ."

मी त्याच दिवशी पट्टी दुरुस्त केली आणि हॉटेलवाल्याला खरं ते कळवलं. त्यानं उत्तरात मोठ्ठं हसणारं तोंड पाठवलं आणि एक खोकाही मागवला. पुढे आणखी लोकांनी मागवला. जर्मनीतल्या एका बाईंनी सुकेळी केकमध्ये घालून फोटो पाठवला. जपानमधल्या एका गृहस्थांनी पुडीच्या पानाची गाठ कशी सोडायची त्याचं रेखाचित्र मागितलं आणि मग स्वतःच काढून आम्हाला पाठवलं, आमच्यापेक्षा सुबक. प्रत्येक संदेशाला बहीण उड्या मारत होती. पण पुढच्या मोसमाचं कोणी विचारलं नाही. छान होतं, आवडलं, धन्यवाद. तेवढंच. परत मागणारा माणूस काही येत नव्हता, आणि ऊन हळूहळू कडक होत चाललं होतं.

एक ठिपका मात्र रोज येत होता. कॅनडातल्या एका गावाचा. आमच्याकडे सकाळ झाली की तो लागायचा, म्हणजे तिथे संध्याकाळ असणार. तो काही वाचायचा नाही, काही विकत घ्यायचा नाही. सरळ मामाच्या आवाजाचं बटण दाबायचा. संपलं की पुन्हा. कधी कधी तीनदा-चारदा. बहिणीला वाटलं, हा एक दिवस मोठी ऑर्डर देणार. मी तिला फटकन सांगितलं की वेडी आहेस, हे यंत्र आहे. अशी यंत्रं जगभरच्या वेबसाइट चाळत फिरत असतात, एकच बटण रोज त्याच वेळी दाबणारा माणूस मी आजवर बघितलेला नाही. तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण खोटी आशा दाखवण्यापेक्षा बरं, असं मी मनाशी म्हटलं.

मोसमातली शेवटची केळी मांडवावर घातली त्या आठवड्यात लॉनवाला मोजायची फीत घेऊन आला. त्यानं राजेळीच्या तुकड्याभोवती चुन्यानं रंगवलेले लाकडी खुंटे ठोकले. मामा केळी उलटवत राहिला. मामी आत जाऊन भांडी घासत बसली, घासून झालेलीच. बहीण खुंट्यांकडे न बघता त्यांच्यामधून ये-जा करत होती. रविवारी मी वाडीत गेले तेव्हा पोचल्या पोचल्या मला ते पांढरे खुंटे दिसले आणि रडू आलं. एवढ्या भाषा, एवढे देश, आणि मामाच्या एका साध्या अटीपाशी आम्ही हरलो होतो.

सकाळचंच ऊन होतं. मामा आणि बहीण मांडवावर केळी पसरत होते, मी उगाच मध्ये मध्ये करत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीशी मोसमाची पहिली पुडी टांगलेली दिसत होती. तिचीही एक रीत आहे. पहिली पुडी मामाच्या घरी कधी विकत नाहीत आणि खातही नाहीत. ती कुंपणापलीकडच्या घरी जायची. पलीकडे एक ख्रिस्ती कुटुंब होतं, त्या घरातली म्हातारी, जिला सगळे बाय म्हणायचे, ती आणि मामा लहानपणापासूनचे शेजारी. तिची बोली वेगळी, मामाची वेगळी. ती तिच्या बोलीत विचारणार, हा आपल्या बोलीत उत्तर देणार, आणि दोघांनाही त्यात कधी काही अवघड वाटलं नाही. पुडी पलीकडे जायची आणि नाताळात भरलेलं ताट अलीकडे यायचं. काही वर्षांपूर्वी मुलगा तिला परदेशी घेऊन गेला आणि घराला कुलूप लागलं. तेव्हापासून पहिली पुडी खिडकीशी टांगून राहते. मामाला ती दुसऱ्या कुणाला द्यायचं सुचत नाही.

बहिणीचा फोन वाजला. तिचे हात केळ्यांनी चिकट, म्हणून मी घेतला. परदेशी नंबर. एक बाई इंग्रजीत बोलत होती, वेबसाइटवर हा नंबर मिळाला म्हणाली. मी कामाचा आवाज काढून बोलायला लागले. ती म्हणाली, ऑर्डर द्यायची नाही, माझ्या सासूबाईंना त्या माणसाशी बोलायचं आहे. कोणत्या माणसाशी? तो कावळे हाकलतो ना, त्याच्याशी. आमच्याकडे रोज रोझरीची प्रार्थना झाली की त्यांना तो ऐकवावा लागतो, नाहीतर त्या झोपायला जात नाहीत.

"तुम्ही कॅनडातून बोलताय का?" मी ओरडलेच.

हो, म्हणाली.

माझं यंत्र! मी फोनचा आवाज मोठा केला आणि तो मामाच्या तोंडापुढे धरला. पुढे जे दोघं बोलले ते दोन वेगळ्या बोलींत होतं. दोन्ही मला कळतात, पण दोन्ही नीट कागदावर उतरवता येत नाहीत, म्हणून इथे सोपं करून लिहिते.

"काय रं," पलीकडून एक कापरा आवाज आला, "रोज पानी प्या म्हनतोस. देतोस कवा?"

मामाच्या हातातलं केळ मांडवावर पडलं.

"बाय?"

"मंग कोन? नि कावले अजून हाकलता येत न्हाईत तुला. कवापासून सांगते, कालं फडकं बांद."

मामा हसायला लागला. मग बायनं विहिरीबद्दल विचारलं, गुडघ्यांबद्दल विचारलं, कोण गेलं कोण राहिलं ते विचारलं. बायला दिसत कमी होतं. नातवानं फोनवर सहज आमचं पान लावलं तेव्हा तिनं आवाज ओळखला आणि नातू म्हणे मानायलाच तयार नव्हता की या आज्जीचा वेबसाइटवर ओळखीचा माणूस आहे.

"पयली पुडी कुनाला दिलीस?" तिनं मध्येच विचारलं.

"कुनाला देनार? हाय खिडकीत."

"यंदाची र्‍हाऊ दे. पुढच्या मोसमाला येते मी. पोरगा म्हनतो आनतो. तवाची पयली पुडी मला पायजे. ठेवशील ना रं? मांडव घालनार ना?"

मामानं मान वर केली. समोर राजेळी होत्या आणि त्यांच्याभोवती ते पांढरे खुंटे. मी फोन मामाच्या आणखी जवळ धरला. बहीण मांडवाच्या पलीकडे केळ हातात घेऊन तशीच उभी होती.

"घालनार तं," मामा म्हणाला. "न घालून कसं चालंल? तू ये."

फोन बंद झाला. मग मामानं चिकट हात फडक्याला पुसले आणि लेकीकडे बघून, चढ्या आवाजात, जसं काही तीच त्याच्याशी वाद घालत होती:

"भाएरच्या देशातून मागनी आली का न्हाई?"

"आली," ती म्हणाली.

"आपनहून?"

"आपणहून."

"पुढच्या वर्षाची?"

तिनं जोरजोरानं मान हलवली. ती रडत होती आणि हसत होती, आणि मी तर केव्हाची रडत होते. मामी हातातलं भांडं घेऊनच दारात आली.

"मग उभ्या काय र्‍हायल्या? उपटा ते खुंटे. लॉनवाल्याला मी सांगतो."

आम्ही दोघी धावत सुटलो. खुंटे घट्ट ठोकलेले होते, हलवून हलवून काढावे लागत होते आणि हाताला चुना लागत होता. बहीण प्रत्येक खुंट्याला एकेका देशाचं नाव घेऊन उपटत होती आणि मी तिला वेडी म्हणत होते. आम्ही सगळे काढून आणून पायरीशी टाकले. मामानं त्यातला एक बरासा निवडला, दगडानं ठोकून तो मांडवाच्या डुगडुगणाऱ्या पायाला टेकू लावला, हलवून बघितलं आणि पुन्हा केळी पसरायला बसला.